कुठलं गाणं बाहेर काढायचं?

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. इतक्या रात्रीचा फोन म्हणजे एक तर गावाकडचं काहीतरी, नाही तर बॉस. दोन्ही नव्हतं. साहेब होता.

“‘लिबरेशन’ काढलं तर त्या जागी काय?” हॅलो नाही, कसा आहेस नाही, डायरेक्ट मुद्दा.

“‘वन इन अ मिलियन’,” मी डोळे न उघडता म्हटलं.

“तू अजून तसाच मूर्ख आहेस,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. बायकोने विचारलं, कोण रे? म्हटलं, ऑफिसचं. खरं सांगितलं असतं तर जास्त पंचाईत झाली असती.

साहेब म्हणजे माझा एके काळचा रूममेट. खरं नाव देत नाही, कारण तो हे पान वाचतो आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवतो. सदाशिव पेठेत आम्ही कॉट बेसिसवर राहायचो, तेव्हा अख्खी खोली कुमार सानू नाही तर रहमान ऐकायची आणि हा एकटा कानाला हेडफोन लावून इंग्रजी. म्हणून साहेब. पुढे तो खरोखरच साहेबाच्या देशात जाऊन सेटल झाला, त्यामुळे नावावर शिक्कामोर्तबच झालं. तर हा साहेब आणि मी, पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकाच विषयावर भांडतोय. पेट शॉप बॉईज या जोडगोळीने नेमकी कुठली गाणी सिंगल म्हणून काढायला हवी होती?

हसा, हसा. तुमच्या ऑफिसात सचिनला कितव्या नंबरवर खेळवायला हवं होतं यावर लंच टाइम संपेपर्यंत वाद होतोच ना? तो तरी कुठे आता बॅटिंगला येणार आहे!

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नील टेनन्ट आणि क्रिस लो, दोघंही इंग्रज. १९८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यांची ओळख झाली. टेनन्ट पुढे ‘स्मॅश हिट्स’ नावाच्या पॉप मासिकात नोकरी करत होता, लो आर्किटेक्चर शिकत होता. एक पत्रकार, एक आर्किटेक्ट. म्हणजे रॉकस्टार वगैरे भानगड नाही, आपल्याच ऑफिसातली दोन माणसं वाटावीत अशी. एक जण बातम्या वाचाव्यात इतक्या शांतपणे गातो, दुसरा टोपी आणि गॉगल घालून कीबोर्डमागे उभा असतो आणि चुकूनही हसत नाही. ९३ साली केबलवर एमटीव्ही बघितलं असेल तर ‘गो वेस्ट’ आठवेल. निळे-पिवळे कपडे, डोक्यावर अर्ध्या चेंडूसारखं हेल्मेट. हां, तेच.

आता सिंगल म्हणजे काय ते. आपल्याकडे हा प्रकार तसा नव्हताच. आपल्याकडे सिनेमा असतो, त्यात गाणी असतात, टीव्हीवर प्रोमो लागतो. ‘सैराट’च्या (२०१६) वेळी अजय-अतुलना हा प्रश्न पडलाच नसेल. चारच गाणी होती, चारही गाजली, विषय संपला. इंग्लंडात मात्र अल्बममधली दहा गाणी एकीकडे आणि त्यातून निवडून वेगळ्या रेकॉर्डवर विकलेली तीन-चार एकीकडे. रेडिओवर तीच वाजणार, व्हिडिओ त्यांचाच होणार, दर आठवड्याच्या चार्टमध्ये नंबर त्यांचाच लागणार. बाकीची सहा-सात गाणी घरी बसणार. म्हणजे जॉइंट फॅमिलीत एकाला शिकायला शहरात पाठवायचं आणि बाकीच्यांनी शेती बघायची, तसं. आणि कोणाला पाठवायचं हे ठरवताना घरात जी भांडणं होतात, तीच आमची भांडणं.

आमची सुरुवात ‘डिस्कोग्राफी’च्या कॅसेटपासून झाली. १९९१ ची ही कॅसेट, अठरा गाणी, नावातच लिहिलेलं की हा सिंगल्सचा पूर्ण संग्रह आहे. साहेबाने पहिल्याच दिवशी त्यातली चूक काढली. “पूर्ण कसला? ‘हाऊ कॅन यू एक्स्पेक्ट टु बी टेकन सीरियसली’ कुठे आहे?” ते गाणं १९९१ मध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या जोडीने डबल ए-साइड म्हणून आलं होतं आणि कॅसेटवर खरंच नव्हतं. एवढ्यावरून माणूस रात्री दोन वाजेपर्यंत बोलला. मला ती गाणी आवडली होती, पण हा बोलतोय म्हणून विरुद्ध बाजू घ्यायची, हा माझा स्वभाव. तिथून जी गाडी सुटली ती अजून चाललीय.

माझा पहिला मुद्दा कायम १९८६ च्या ‘प्लीज’ या अल्बमवर असतो. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ जानेवारीत इंग्लंडात एक नंबरला गेलं. पुढचं गाणं काय काढावं? यांनी काढलं ‘लव्ह कम्स क्विकली’. सुंदर गाणं, पण धुक्यासारखं, हाताला लागत नाही. गेलं एकोणीस नंबरला. एक नंबरवरून एकोणीस! आणि अल्बममध्ये बसलं होतं ‘टुनाइट इज फॉरेव्हर’. उद्याची फिकीर नसलेल्या रात्रीचं गाणं, ऐकताक्षणी पाय हलणार. ते कोणाच्या कामाला आलं? लायझा मिनेलीच्या. १९८९ मध्ये यांनीच तिचा ‘रिझल्ट्स’ अल्बम प्रोड्यूस केला, त्यात तिने ते गायलं. घरचं सोनं आणि शेजारणीच्या गळ्यात.

साहेबाचं यावर उत्तर असतं की सिंगल नुसतं निवडत नाहीत, घडवतात. आणि इथे, लिहून देतो, त्याचा मुद्दा बरोबर आहे. ‘सबर्बिया’ अल्बममध्ये होतं तेव्हा साधं गाणं होतं. सिंगलसाठी त्यांनी ते नव्याने केलं, कुत्र्यांचं भुंकणं, काचा फुटल्याचे आवाज, सगळं मोठं आणि भव्य केलं, आणि गाणं आठ नंबरवर पोहोचलं. ‘ऑपॉर्च्युनिटीज’ १९८५ मध्ये पहिल्यांदा काढलं तेव्हा ११६ नंबरला जाऊन आपटलं होतं. पुढच्या वर्षी परत काढलं, अकरा नंबर. खुद्द ‘वेस्ट एंड गर्ल्स’ची कथा हीच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉबी ओ या निर्मात्याबरोबर केलेलं पहिलं व्हर्जन इंग्लंडात कोणी विचारलं नाही. मग स्टीव्हन हेगबरोबर परत रेकॉर्ड केलं, जरा संथ, जरा गूढ, आणि मे १९८६ पर्यंत अमेरिकेतही एक नंबर. पहिल्या अ‍ॅप्रेझलमध्ये ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ मिळालेल्यांनी नोंद घ्यावी.

‘अ‍ॅक्चुअली’ (१९८७) वर मात्र मी सहसा हरत नाही. म्हणजे त्यांनी काढलेली गाणी चुकीची होती असं म्हणायची हिंमत कोणाची नाही. ‘इट्स अ सिन’ तीन आठवडे एक नंबर. डस्टी स्प्रिंगफील्डबरोबरचं गाणं इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे दोन नंबर. ‘रेंट’ आठ. (‘सॉल्टबर्न’ बघितलात ना, २०२३ चा? त्यात त्या बिचाऱ्या पोराला कॅरिओकेवर मुद्दाम जे गायला लावतात, ते ‘रेंट’.) मग ‘हार्ट’, पुन्हा एक नंबर. पण या सगळ्यात मागे राहिलं अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘किंग्ज क्रॉस’.

किंग्ज क्रॉस हे लंडनचं स्टेशन. उत्तरेकडच्या गाड्या तिथे येऊन थांबतात. टेनन्ट स्वतः उत्तरेतला, न्यूकॅसलजवळच्या नॉर्थ शील्ड्सचा. थॅचरबाईंच्या राज्यात उत्तरेतल्या खाणी-कारखान्यांना टाळी लागत होती आणि पोरं कामाच्या शोधात गाडीत बसून या स्टेशनवर उतरत होती. पुढे काय, ते कोणालाच माहीत नाही. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एक शब्द कळला नव्हता, तरी डोळ्यांसमोर शिवाजीनगरचा एसटी स्टँड आला होता. पहाटे पाचला, हातात वळकटी आणि मामाच्या ओळखीच्या कोणाचा तरी पत्ता. हे गाणं सिंगल म्हणून आलंच पाहिजे होतं, असं माझं मत होतं, अजूनही आहे.

“आणि कधी आणणार होतास?” साहेब विचारतो. इथे मी गप्प होतो. कारण अल्बम सप्टेंबरात आला आणि १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉसच्या मेट्रो स्टेशनात खरोखरच आग लागली. लाकडी एस्केलेटर पेटला, ३१ माणसं गेली. त्यानंतर त्या नावाचं गाणं बाजारात विकायला आणणं म्हणजे तिरडीवरून धंदा. त्या वर्षी नाताळला यांनी ‘ऑलवेज ऑन माय माइंड’ आणलं, एल्व्हिसने आधी गायलेलं, आणि ते द पोग्सच्या ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ला मागे टाकून एक नंबरला गेलं. काही गाण्यांची वेळ चुकत नाही, वेळच त्यांना खाते. २००७ मध्ये ट्रेसी थॉर्नने ‘किंग्ज क्रॉस’ गायलं तेव्हा मी साहेबाला नुसता मेसेज केला होता, ‘बघ.’ त्याने उत्तर दिलं, ‘वीस वर्षं लागली.’

पुढचा ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ (१९८८) भराभर आटपतो, कारण त्यात सहाच गाणी आहेत आणि चार तर कशी ना कशी सिंगल झालीच. त्यातलं ‘आय एम नॉट स्केअर्ड’ यांनी एट्थ वंडर या बँडला दिलं आणि त्यांनी ते सात नंबरला नेलं. यांचं स्वतःचं ‘डॉमिनो डान्सिंग’सुद्धा सातवरच थांबलं. ते गाणं चार्टमध्ये शिरलं तेव्हाच टेनन्टला वाटलं की आपली सद्दी संपली. त्या सद्दीसाठी त्याने जो शब्द वापरला, ‘इम्पीरियल फेज’, तो आता सगळे वापरतात, पॉपस्टारपासून क्रिकेटरपर्यंत. आपली चलती संपली हे इतक्या लवकर आणि इतक्या नीट ओळखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या ऑफिसात काहींना अजून कळलेलं नाही.

आता ‘बिहेव्हियर’. १९९०. खरं भांडण इथे आहे.

हा अल्बम त्यांनी हॅरॉल्ड फाल्टरमायरबरोबर म्युनिकमध्ये केला. फाल्टरमायर म्हणजे ‘अ‍ॅक्सल एफ’वाला. अल्बममधलं पहिलं सिंगल ‘सो हार्ड’, चार नंबर. दुसरं ‘बीइंग बोरिंग’, वीस नंबर. आज जगभरच्या चाहत्यांना विचारा, यांचं सर्वांत भारी गाणं कुठलं? निम्मे तरी ‘बीइंग बोरिंग’ म्हणतील. ते वीस नंबर! १९९१ च्या टूरमध्ये तर त्यांनी ते आधी गायलंच नाही. लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रम झाल्यावर गन्स अँड रोझेसचा अ‍ॅक्सल रोझ भेटायला आला आणि हे गाणं का नाही झालं म्हणून हळहळला. अ‍ॅक्सल रोझ! ज्याच्या चाहत्यांनी पेट शॉप बॉईजची कॅसेट रस्त्यावर ठेवून त्यावरून बाइक नेली असती, तो.

माझी थिअरी अशी. अल्बम बाजारात यायच्या आधी जे पहिलं सिंगल येतं, ते चाहते डोळे मिटून घेतात. त्यांच्याकडे दुसरं काही नसतंच. अल्बम आला की दुसरं सिंगल कशाला घ्यायचं, घरात आहेच की. म्हणजे पहिल्या जागेला आयता बोनस असतो. मग ती जागा सगळ्यांत चांगल्या गाण्याला द्या ना! ‘बीइंग बोरिंग’ सप्टेंबरात पहिलं काढलं असतं तर पहिल्या पाचात गेलं असतं. ‘सो हार्ड’ नंतर काढलं असतं तरी त्याच्या बीटवर चाललं असतं. साधं गणित आहे. हे गणित मी खोलीतल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडूनसुद्धा दाखवलं होतं.

साहेबाने ते शांतपणे बघितलं. मग म्हणाला, “तुला ते गाणं कशावर आहे माहितीय?”

“पार्टीवर. तरुणपणी मजा केली, आता आठवतंय.”

“त्यातला एक मित्र आता नाहीये. का नाहीये?”

मला कुठे माहीत! त्याने सांगितलं. टेनन्टचा लहानपणापासूनचा मित्र एड्सने गेला. गाणं त्याच्यासाठी आहे. ‘अ‍ॅक्चुअली’मधलं ‘इट कुडन्ट हॅपन हिअर’ही त्याच काळजीतून आलेलं, ज्याच्या संगीतात एन्नियो मोरिकोनेचा हात आहे. ‘ड्रीमिंग ऑफ द क्वीन’मध्ये राणी आणि डायना चहाला येतात ते वरवर गमतीचं स्वप्न आहे, पण तेही शेवटी तिथेच जातं. इंग्लंडात तो काळ असा होता की १९८८ च्या कायद्यात सेक्शन २८ आलं. समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ मिळेल असं काही स्थानिक सरकारांनी, म्हणजे त्यांच्या शाळांनी वगैरे करायचं नाही. ते कलम इंग्लंडातून जायला २००३ उजाडलं. टेनन्टने स्वतः गे असल्याचं उघडपणे सांगितलं ते १९९४ मध्ये, ‘अ‍ॅटिट्यूड’ मासिकात. म्हणजे ही सगळी गाणी त्याआधीची. सांगायचंय पण सांगायचं नाहीये, अशी. “म्हणून ते वीस नंबरला गेलं,” साहेब म्हणाला, “आणि म्हणून ते काढलं याचंच मला कौतुक आहे. नंबर गेला खड्ड्यात.”

मी म्हटलं, तू इमोशनल होतोयस, आपण मार्केटवर बोलतोय.

मग त्याने स्वतःचं गाणं सांगितलं. ‘बिहेव्हियर’मधून कुठलं सिंगल हवं होतं? ‘नर्व्हसली’.

आता ‘नर्व्हसली’ तुम्ही ऐकलं नसेल. फारसं कोणी ऐकलेलं नाही. संथ, जवळजवळ कुजबुजत गायलेलं गाणं. दोन लाजाळू मुलगे, पहिली ओळख, दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नाही. बस, एवढंच. ना बीट, ना डोक्यात राहील असा कोरस. त्याच अल्बममध्ये ‘धिस मस्ट बी द प्लेस आय वेटेड इयर्स टु लीव्ह’ आहे, जॉनी मारची गिटार असलेलं. एक वेळ ते काढा. ‘नर्व्हसली’ कोण काढेल? रेडिओवर दुपारी लावलं तर ऐकणारा झोपेल. मी हे सगळं त्याला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, खोलीतल्या बाकीच्या दोघांना बोलावून सांगितलं. चौघांत मतदान झालं. तीन विरुद्ध एक. आम्ही त्याला पुढे कितीतरी दिवस ‘काय रे नर्व्हस’ म्हणायचो. तो हसायचा.

पण पुढच्या प्रत्येक भांडणात तो ते गाणं परत काढायचा. मी ‘व्हेरी’वर (१९९३) बोलत असलो तरी. आणि ‘व्हेरी’वर बोलण्यासारखं खूप आहे हो! इंग्लंडात एक नंबरला गेलेला त्यांचा एकमेव अल्बम. नारिंगी रंगाचं, लेगोच्या विटेसारखे फुगवटे असलेलं सीडीचं कव्हर, ते एकदा हातात घेतलं की ठेववत नाही. ‘गो वेस्ट’ दोन नंबर. आणि मग एवढा भरलेला डबा असताना चौथं सिंगल ‘लिबरेशन’? चौदा नंबर. माझ्या मते तिथे ‘वन इन अ मिलियन’ हवं होतं, नाही तर ‘अ डिफरन्ट पॉइंट ऑफ व्ह्यू’. साहेबाच्या मते ‘ड्रीमिंग ऑफ द क्वीन’. आणि हे सांगून झालं की हळूच, “आणि त्याआधी ‘नर्व्हसली’.” पुणं सुटलं, तो मुंबईला गेला, मग बाहेर. ईमेलमध्येसुद्धा पीएस टाकून ‘नर्व्हसली’. मला वाटायचं चावट आहे, मला पिडायला करतो.

२ जुलै २००९ ला, गुरुवारी, मी ऑफिसात होतो. दिल्ली हायकोर्टाचा ३७७ कलमावरचा निकाल आला होता. टीव्हीवर दिवसभर तेच होतं, आणि आमच्या फ्लोअरवर त्यावरून जे विनोद चालले होते ते इथे लिहिता येणार नाहीत. त्यातल्या एका विनोदाला मीही हसलो होतो. संध्याकाळी साहेबाचा फोन आला.

“बातम्या बघितल्यास?”

“कसल्या?”

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुला ‘नर्व्हसली’ आठवतंय?”

आणि मला कळलं. एका झटक्यात नाही, जिन्यावरून कोणीतरी एकेक पायरी उतरत यावं तसं. खोली, मतदान, तीन विरुद्ध एक, काय रे नर्व्हस. मी पार्किंगमध्ये उभा होतो, हातात हेल्मेट. काय बोलावं सुचेना. सिनेमात अशा वेळी लोक काहीतरी छान बोलतात. माझ्या तोंडून आलं, “तरी पण ते सिंगल म्हणून चाललं नसतं.”

दोन सेकंद शांतता. मग तो जो हसायला लागला! खोकला येईपर्यंत हसला. “नाही चाललं नसतं,” तो म्हणाला. “टॉप फॉर्टीतसुद्धा नसतं गेलं. मला माहितीय रे.”

“मग?”

“मग काही नाही. काढायला हवं होतं, एवढंच म्हणतोय.”

मी त्याला सॉरी म्हटलं नाही तेव्हा. म्हणायला हवं होतं. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, त्या दिवशी त्याचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. काय बोलायचं, असं वाटलं. ते माझ्या नावावर जमा आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम गेलं तेव्हा मात्र मी मीटिंग सोडून आधी त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. दोघांनीही बराच वेळ ‘बायलिंग्वल’वर भांडण केलं. ‘अ रेड लेटर डे’ १९९७ मध्ये नऊ नंबरला आलं आणि पुढच्याच आठवड्यात धाडकन बेचाळीसला गेलं, हा दोष गाण्याचा की पहिल्या आठवड्यातच सगळे चाहते घेऊन मोकळे होतात याचा, असा तो विषय होता. (पहिल्या आठवड्याचा. गाणं उत्तम आहे.)

२०२२ च्या मे महिन्यात लंडनच्या ओटू अरेनात त्यांचा शो होता, ‘ड्रीमवर्ल्ड’ टूरचा. साहेब गेला होता, जोडीदाराला घेऊन. शेवटचं गाणं ‘बीइंग बोरिंग’. वीस नंबरवालं. एवढी हिट गाणी असताना घरी पाठवायचं ते या गाण्यावर. साहेबाने व्हिडिओ कॉल लावला. इथे मध्यरात्र उलटून गेलेली, आवाज फाटत होता, पडद्यावर नुसते लाइट दिसत होते आणि मधूनच कोणाचा तरी हात. त्याचा चेहरा एकदाच दिसला. मग नेटवर्क गेलं.

पुढच्या वर्षी ‘स्मॅश’ आला, १९८५ ते २०२० पर्यंतची सगळी सिंगल्स, पंचावन्न गाणी. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून उलटी लिस्ट करतोय. जी निघाली नाहीत त्यांची. नियम एकच: नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मावली पाहिजेत, कारण आमची अक्कल तेवढीच. ‘टुनाइट इज फॉरेव्हर’ पहिलं. ‘किंग्ज क्रॉस’ साइड ए संपताना. बी-साइड्सही चालतात असं ठरलंय, त्यामुळे ‘शेमलेस’ आत आलं, ‘मिझरेबलिझम’ आत आलं. (तेही ‘वॉज इट वर्थ इट’च्या पाठीवर १९९१ मध्ये वाया घालवलेलं. पुढचं गाणं चोवीस नंबरला गेलं, १९८५ नंतर पहिल्यांदा टॉप ट्वेंटीच्या बाहेर. उलटं करून बघायचं होतं ना, बाबांनो!)

‘नर्व्हसली’ साइड बीवर तिसरं आहे. मीच टाकलं. साहेब म्हणाला, दया दाखवू नकोस. म्हटलं, दया नाही, परवा ट्रॅफिकमध्ये परत ऐकलं, तिसऱ्या जागेला बसतं. पहिल्या जागेला नाही. यावर तो आठ दिवस बोलला नाही, आणि मग शनिवारी रात्री साडेअकराला ‘लिबरेशन’वरून उठवलं.

साडेचार मिनिटं शिल्लक आहेत. त्याला तिथे राणी आणि डायना हव्यात. मी ‘वन इन अ मिलियन’वर ठाम आहे. मतदान घ्यायचं तर आता दोघंच उरलोय.